आधी कुंडी उलटी करा!

कुंडी उलटी करा! हो, तीच. खिडकीच्या कठड्यावरची, टीव्हीशेजारची, वास्तुशांतीला कुणीतरी आहेर म्हणून दिलेली, जिच्यातलं ते गुबगुबीत पानांचं सक्युलंट गेले कित्येक दिवस तोंड पाडून बसलंय. पाणी घालू नका! खत तर अजिबात नको! खोडाच्या दोन्ही बाजूंना मातीवर दोन बोटं टेकवा, दुसऱ्या हाताने कुंडी उपडी करा, बुडाला एक थाप मारा, आणि मग आतला सगळा गड्डा सुटून तुमच्या तळव्यावर येईल, आणि मग तुम्ही मुळांकडे बघाल, आणि मग तुमचा दिवस कामातून गेला म्हणून समजा! माझे तर किती गेले त्याचा हिशेबच नाही.

आणि हिशेब हा माझा धंदा आहे! वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध दहावीत संपला. सुरतेच्या कापड बाजारातल्या व्यापाऱ्यांची खाती मी लिहिते, जीएसटीची विवरणपत्रं भरते आणि मार्चअखेरीला माणसांतून उठते. तेव्हा इथून पुढे जे येईल ते एका हिशेबनीसबाईचं बोलणं आहे, तज्ज्ञाचं नाही. फक्त धंद्यातली एक खोड इथे कामाला आली. ताळेबंद कितीही गुटगुटीत दिसला तरी आम्ही खालची व्हाउचरं मागतो. पानं म्हणजे ताळेबंद, मुळं म्हणजे व्हाउचरं! बस, एवढंच माझं शास्त्र.

आम्ही राहतो कामरेजला. सुरतेच्या बाहेर, तापीकाठी, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर. ऊस, केळी, साखर कारखाना, चार रस्त्यावरची न थांबणारी वाहतूक आणि जिकडे बघावं तिकडे नवी सोसायटी. आणि रस्त्याकडेला नर्सऱ्या! समोर गुलाब, जास्वंद, अरेका पाम. बाजूच्या फळीवर ही छोटी सक्युलंटं ओळीने. आणि मागे, हिरव्या जाळीच्या पल्याड, जिथे गिऱ्हाईक जात नाही तिथे, मेलेल्या आणि मरू घातलेल्या कुंड्यांचा ढीग! मी शेणखत बघायला तिकडे गेले आणि तिथेच फतकल मारून बसले. "बेन, ए तो फेंकवानुं छे," नर्सरीवाला भाई म्हणाला. मला द्या म्हटलं! त्याने माझ्याकडे बघितलं, मग आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी आभाळाकडे बघितलं, आणि मग तो सगळा ढीग क्रेटमध्ये भरून आमच्या डिकीत आला, तोसुद्धा नुसत्या प्लास्टिकच्या कुंड्यांच्या भावात!

आता ऐका. घरी येऊन वर्तमानपत्र पसरलं आणि दोन एचेव्हेरिया शेजारी ठेवल्या. एचेव्हेरिया म्हणजे ती पानांचंच फूल झालेली, निळसर-हिरवी. दोघींची पानं सुरकुतलेली. दोघींची वरची माती ओलसर. कुणीही म्हणेल, एकच आजार! मग पहिली उलटी केली. आत कोकोपीटचा घट्ट गोळा, आणि तो मधोमध ठणठणीत कोरडा! वरून ओला, बाजूने ओला, आणि पोटात खडखडाट! असा घट्ट गोळा एकदा पुरता वाळला की तो वरून घातलेलं पाणी सहजी आत घेत नाही, पाणी गोळ्याच्या कडेकडेने घसरतं आणि खालच्या भोकातून बाहेर पडतं. रोज पाणी मिळत होतं आणि झाड तहानेने वाळत होतं! मग दुसरी उलटी केली. आणि नाक धरलं! काळा चिखल, कुजका वास, आणि मूळ म्हणून जे हातात आलं त्याचं साल निघून आतला नुसता दोरा उरला. ही बाई पाण्यात बुडून गेली होती. मुळं कुजली, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वर पानं तहानलेली!

कळलं का तुम्हाला? एकच सुरकुती! दोन उलटी कारणं! एकीला पाणी हवंय, दुसरीला पाण्याने मारलंय, आणि वरून बघणारा दोघींनाही तांब्याभर पाणी घालणार! मी हे ह्यांना सांगायला धावले तर हे मॅच बघत होते. मी टीव्हीसमोर दोन्ही गड्डे धरून उभी राहिले. "वास येतोय," एवढंच म्हणाले. अहो, तोच तर मुद्दा आहे!

नंतर मला बोटांनी ओळखायची एक युक्ती सापडली, ती घ्या. पान हलकेच दाबा. सुरकुतलेलं पण चिवट, घडी पडेल असं असेल तर बहुधा तहान. मऊ, पाणीदार, उजेडात धरलं तर आरपार दिसणारं आणि नुसत्या स्पर्शाने गळून पडणारं असेल तर पाणी जास्त. खोडाच्या बुंध्याशी काळं पडलं असेल तर थांबू नका. पण पैज लावून सांगते, दाबून बघूनही तुम्ही कुंडी उलटी करणारच. राहवतच नाही!

कोरड्या गोळ्याचा इलाज सोपा निघाला. परातीत पाणी घेतलं, कुंडी त्यात अर्धा तास ठेवली, खालून हळूहळू ओल चढली, आणि मग एखाद-दोन दिवसांत पानं फुगून टणक! कुजलेलीचा इलाज मात्र... अहो, शस्त्रक्रिया! खरीखुरी! सुरीचं पातं स्पिरिटने पुसलं आणि बुंध्यापासून चकत्या काढत वर गेले. पहिली चकती काळी. दुसरी तपकिरी. तिसरीत नुसती एक तपकिरी कडी, मधोमध, इतकी बारीक की मी चष्मा काढून डोळ्याजवळ नेली. तेवढीसुद्धा चालत नाही! कडी दिसते तोवर कुज वर चढतच असते. मग आणखी एक चकती, आणि मग एकदम स्वच्छ, फिकट हिरवी, काकडीतल्यासारखी ओली, एकही ठिपका नाही! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की सासूबाई देवघरातून उठून आल्या.

आणि आता सगळ्यात अवघड भाग. काहीच करायचं नाही! कापून उरलेली वरची मुंडकी तशीच सावलीत, वाऱ्यावर, उघडी ठेवून द्यायची. तीन-चार दिवस, दमट हवेत त्याहून जास्त. मातीत नाही, पाण्यात नाही. काप वाळून त्याच्यावर खपली धरू द्यायची, आणि मगच कोरड्या मिश्रणावर टेकवायची. मी रोज जाऊन खालून बघायची. रोज! आणि एका सकाळी त्या खपलीच्या कडेतून गुलाबी टोकं बाहेर आलेली! मूळ! हवेतून! गुलाबी! आणि गंमत म्हणजे मी चकत्या करताना खालची जी धडधाकट पानं काढून ठेवली होती (मुळाशी अख्खी, हलकेच पीळ देऊन, तुकडा मागे न राहता काढायची बरं का), त्या पानांच्या देठाकडूनही तसेच धागे फुटले, आणि त्या धाग्यांच्या मध्ये मोहरीएवढं एक नवं झाड, सगळी पानं जागच्या जागी असलेलं! मी ते व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर ठेवलं. माझ्या व्यापाऱ्यांनी विचारलं, बेन, आ शुं छे? जीएसटीची तारीख जवळ आली होती. त्यांची काळजी मी समजू शकते.

आता माती. माती म्हटलं की मला बसवत नाही! आमच्याकडची काळी माती उसाला सोनं. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, ओल धरून ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. आणि हीच माती या बिचाऱ्यांची वैरीण! फुगली की मुळांना हवा नाही, भेगाळली की बारीक मुळं तटातटा तुटतात. त्यात सुरतेचा पाऊस, वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मेक्सिकोच्या डोंगरउतारावरचं झाड, तापीकाठच्या चिखलात!

मग सगळे सांगतात ती युक्ती: कुंडीच्या तळाला खडे घाला, पाणी निथळेल. मीही मान डोलावायचे. ते खोटं आहे! म्हणजे उलटंच आहे! माझ्यावर विश्वास ठेवू नका, भांडी घासायचा लांबट स्पंज घ्या. पाण्यात बुडवा, आडवा सपाट धरा, ठिबकणं पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. थांबलं? आता तोच स्पंज उभा करा. धार! पुन्हा धार! कुठून आलं हे पाणी? आतच होतं! स्पंजच्या तळाशी ओल्याचा एक पट्टा अडून राहतो, आणि स्पंज आडवा असो की उभा, त्या पट्ट्याची उंची तेवढीच. कुंडीतल्या मातीचंही तेच. बारीक मातीखाली मोठे खडे असले तर पाणी मातीतून खड्यांत सहजासहजी उतरत नाही, माती पुरती भिजेपर्यंत वरच अडून बसतं. म्हणजे खडे घालून आपण काय केलं? ओला पट्टा उचलून मुळांच्या आणखी जवळ आणला! मी सिंकपाशी उभी राहून स्पंज आडवा-उभा, आडवा-उभा करत होते, आणि भांडी घासायला आलेली ताई माझ्या मागे हात बांधून उभी होती. तिलाही दाखवलं. तिलाही पटलं!

खडे तळाला नको, खडे मातीतच हवेत, सगळीकडे! मी काय करते ते सांगते, चूक असेल तर जाणकारांनी माफ करावं. एक भाग चांगलं कंपोस्ट आणि माती मिळून, दोन भाग भरड. भरड म्हणजे विटांचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे, जाडी वाळू, थोडा कोळसा, मिळाला तर पर्लाइट. कामरेजमध्ये वीट मिळत नाही असं होऊच शकत नाही, दर दोन इमारतींमागे तिसरी उभी राहतेय. खरी मेहनत चाळायची. विटांची बारीक पूड चाळून टाकलीच पाहिजे, नाहीतर तीच पूड फटी बुजवते आणि पुन्हा चिखल. मी त्यासाठी स्वयंपाकघरातली रव्याची चाळणी घेतली. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. आता माझी चाळणी वेगळी आहे.

आणि कुंडीला भोक हवं! त्या गोड गोड चिनी मातीच्या घुबडांना, हत्तींना, बुद्धाच्या डोक्यांना भोक नसतं! अशी कुंडी ही कुंडी नव्हेच, ती वाटी आहे. माझं मत ठाम आहे: घुबडात पेन ठेवा.

हां, पाण्यावरून आठवलं. आमच्याकडे बोअरचं पाणी, म्हणून घरोघरी आरओ, आणि आरओतून वाया जाणारं पाणी बादलीत जमवून सगळे जण झाडांना घालतात. काटकसर म्हणून कौतुकच आहे, पण त्या पाण्यात मूळच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात! मातीच्या कुंडीबाहेर पांढरे डाग दिसतात ना, ते याच क्षारांचे. आतही तेच साचतं. त्या पाण्याने लादी पुसा. कुंडीत साचलेले क्षार पावसाच्या पाण्याने एकदा भरपूर धुऊन काढा आणि पुरतं निथळू द्या.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे त्यासाठी सकाळी लवकर उठावं लागेल. पानफुटी माहीत आहे ना? सासूबाईंनी अमळनेरहून आणलेली, एका पानापासून सगळ्या सोसायटीत गेलेली. लहानपणी आपण तिचं पान वहीत ठेवायचो आणि कडेच्या खाचांतून रोपं फुटायची! ती पानफुटी आणि दुकानातली ही महागडी एचेव्हेरिया, आणि गल्ल्याशेजारी लक्ष्मी येते म्हणून ठेवलेलं जेड, हे सगळं एकाच कुळातलं! मला हे कळलं तेव्हा मी सासूबाईंच्या पत्र्याच्या डब्यातल्या पानफुटीला जाऊन नव्याने भेटून आले.

आणि मग हे: बेंजामिन हेन नावाचा एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आपल्या दक्षिण हिंदुस्थानात. हा गृहस्थ पानफुटीचं पान चघळून बघायचा! सकाळी चघळलं तर चुक्याच्या भाजीइतकं आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे किंचित कडवट. त्याने हे एका पत्रात लिहिलं आणि १८१५ मध्ये ते लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. दोनशे वर्षांपूर्वी! पानफुटी चघळून! मी काय स्वस्थ बसणार? पहाटे उजाडायच्या आत उठले, पान तोडलं, टोकाचा कपटा चावला. आंबट! झणझणीत आंबट! थुंकले, चूळ भरली, दिवसभर दर थोड्या वेळाने घड्याळ बघितलं, आणि मग ऑफिसातून येऊन चप्पल न काढता पुन्हा कपटा चावला. पुळचट! आंबटपणा गायब!

कारण असं की ही मंडळी रात्री दार उघडतात. बाकीची झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच दारातून त्यांचं पाणी वाफ होऊन जातं. ही चतुर झाडं दिवसा दार बंद ठेवतात. रात्री, गारव्यात, रंध्रं उघडून वायू आत घेतात, तो मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवतात (हिरव्या सफरचंदाला आंबट करतं तेच आम्ल!) आणि दिवसा उन्हात ते मोडून वापरतात. सकाळी कोठार भरलेलं, म्हणून आंबट. संध्याकाळी रिकामं! आणि आता बघा, आजाराचा धागा इथेच सापडतो. तुळस दिवसभर पाणी ओढून हवेत सोडते, तिची कुंडी संध्याकाळी कोरडी. ही बाई दिवसा पाणी जवळजवळ सोडतच नाही, म्हणून तिची कुंडी दिवसेंदिवस ओली! तुळशीबरोबर हिलाही रोज तांब्या मिळाला की संपलं.

एक विनंती, चाखण्याचा नाद पानफुटीपाशीच थांबवा, आणि तीसुद्धा गिळू नका. शेर, थोर यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. छाटतानाही हातमोजे घाला.

हे सगळं मी समोरच्या फ्लॅटमधल्या बेनना सांगितलं. त्या अमरेलीकडच्या. त्यांच्या माहेरी बांधाबांधाला हाथला थोर (हा निवडुंग, चीकवाला थोर नव्हे), त्याची लाल फिंडली, म्हणजे फळं, काढून सरबत करणारी माणसं. माझं विटांचे तुकडे, कोळसा, स्पंज, मॅलिक आम्ल असं सगळं पुराण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थोरने ते वळी पाणी होय?" थोराला कधी कुणी पाणी घालतं का! संपला विषय! मी एवढी धावपळ करून जिथे पोचले तिथे त्या जन्मापासून बसल्या होत्या.

पण पिठ्या ढेकूण त्यांनाही नवीन होता, हा! मिलीबग म्हणतात तो. कापूसवाले, द्राक्षवाले याच्या नावाने बोटं मोडतात. पानाच्या बेचक्यात कापसाचा बारीक पुंजका दिसला की समजायचं. मी भिंगातून बघितला: गुलाबीसर अंग, वर पीठ माखलेलं, कडेने झालर, आणि चालतोय! इतका छोटा आणि इतका नटवा! शेजारून मुंग्यांची रांग. मला वाटलं मुंग्या त्यांना खायला आल्या. छे! मुंग्या त्यांना राखत होत्या! तो झाडाचा रस पितो, मागून गोड चिकट थेंब सोडतो, मुंग्या ते थेंब चाटतात, आणि त्या बदल्यात त्याच्या शत्रूंना हाकलतात, कधी कधी त्याला उचलून नव्या झाडावरही नेऊन ठेवतात. कुंडीवर मुंग्यांची ये-जा दिसली तर मुंग्यांवर चिडू नका, बेचक्यात बघा!

इलाज: मेडिकलमधून स्पिरिट, कान साफ करायच्या काड्या आणि चिकाटी. काडी बुडवायची, एकेकाला टेकवायची, तो क्षणात तपकिरी पडतो. (मला यात जे समाधान मिळतं ते माणसाला शोभणारं नाही.) अंडी वाचतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा, काही आठवडे. फारच पसरला असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारायचं, उन्हात कधीच नाही. आधी एका पानावर करून बघा. आणि कुंडी उलटी करा! कारण याचे भाऊबंद मुळांवरही राहतात. गड्ड्याच्या कडेला, कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरं मेण लागल्यासारखं दिसलं तर ते तेच. मुळं धुवायची, वाळवायची, माती फेकायची.

पण थांबा, सगळं पांढरं ढेकूण नसतं! एचेव्हेरियाच्या पानांवर पिठूळ थर असतो ना, तो तिचा स्वतःचा आहे. मेणाचा थर, ऊन आणि पाणी दोन्ही अडवणारा. आमच्या सोसायटीत एकीने धूळ समजून ओल्या फडक्याने एकेक पान चकचकीत पुसलं होतं! एकदा पुसलेला थर त्या पानावर धड परत येत नाही, तुमच्या बोटाचा ठसा तिथेच राहतो. धरायचं तर कुंडीला धरा.

ढिगात एक निवडुंग होता, डोक्यावर पिवळं फूल. कोमेजेचना! झाड खाली निम्मं वाळलेलं आणि फूल ताजंतवानं! मी ओढून बघितलं. चिकटवलेलं! गोंदाने! वाळकं फूल, निवडुंगाच्या शेंड्यावर, जिथून त्याला वाढायचंय नेमकं तिथे! दुसऱ्या कुंडीत मातीवरचे रंगीत खडे एकमेकांना चिकटवून पक्कं झाकणच केलेलं, पाणी जाणार कुठून? ते झाकण मी सुरीने उचकटलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आणि तो लाल-पिवळ्या डोक्याचा मून कॅक्टस! तो एक नाहीच, दोन आहेत! वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नाही, तो स्वतःचं अन्न करू शकत नाही, म्हणून हिरव्या निवडुंगावर कलम करून बसवलेला. आणि तो खालचा तीन धारांचा हिरवा दांडा कोण? बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटचाच! ज्याचं नाव गुजरात सरकारने जानेवारी २०२१ मध्ये 'कमलम' ठेवलं, तोच! वरचा गोळा काही वर्षांत जातोच, त्यात तुमचा दोष नाही. खालचा टणक असेल तर त्याला वाढू द्या.

उजेडाचं थोडक्यात. झाड लांबट झालं, पानं विरळ, मान खिडकीकडे: उजेड कमी. ते पुन्हा आखूड होत नाही, मुंडकं छाटून नव्याने लावायचं, खालच्या खुंटाला बाजूने बरीच पिल्लं फुटतात, म्हणजे फायदाच. उलट एकदम पश्चिमेच्या बाल्कनीत मे महिन्याच्या उन्हात ठेवलं तर पानांवर तपकिरी-पांढरे डाग. ते डाग जात नाहीत, पण पसरतही नाहीत. वरून हिरवी जाळी, आणि ऊन हळूहळू वाढवत न्यायचं. कोरफड उन्हाळ्यात तांबूस झाली तर मात्र घाबरू नका, तो तिचा उन्हाळी रंग.

आणि न-आजारांची तर यादीच संपत नाही! सगळ्यात खालची पानं कागदासारखी वाळतात: वयाने. जुन्या निवडुंगाचा बुंधा तपकिरी होतो: दाबा, टणक असेल तर ते साल, मऊ असेल तर कुज. पावसाळ्यात खोडातून हवेतच गुलाबी मुळं लोंबतात: आमच्याकडची दमट हवा. घायपाताला बऱ्याच वर्षांनी उंचच उंच दांडा येऊन फुलं येतात आणि मग तो मरतो: त्याचा जन्म तेवढाच, शेजारी पिल्लं ठेवून जातो.

यात माझी सगळ्यात लाडकी कोण माहीत आहे? शिंदळ माकुडी! आपल्या सह्याद्रीतली, कड्याच्या कपारीत राहणारी, हिरव्या मांसल बोटांची. १८६० च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने शिवनेरीच्या परिसरातली ही वनस्पती जगापुढे मांडली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला फ्रेरिया असं नाव दिलं. शिवनेरी! ज्या गडावर आपण शाळेच्या सहलीत धापा टाकत चढलो, त्याच्या कड्यावर हे सक्युलंट! पावसाळ्यात तिला चांगली पानं येतात, चॉकलेटी रंगाची चांदणीसारखी फुलं येतात, आणि उन्हाळ्यात ती सगळी पानं टाकून नुसती काठ्या होऊन पडते. माहीत नसेल तर कुणीही मेली म्हणून फेकून देईल! आणि ती तर जिवंत असते! फार दुर्मिळ आहे, गडावर दिसली तर तिथेच राहू द्या, फोटो काढा आणि मला पाठवा.

आता शेवटचं, कारण मला रोज कुणी ना कुणी लिफ्टमध्ये गाठून हेच विचारतं: किती दिवसांनी पाणी घालायचं? आकडा सांगा! मी आकड्यांचीच माणूस, पण इथे आकडा नाही. मे महिन्यातली मातीची कुंडी दोन-तीन दिवसांत वाळते, जुलैतली प्लास्टिकची तीन आठवडे ओली राहते. पाणी घालायच्या आधी कुंडी उचला. कोरडी कुंडी किती हलकी असते ते हाताला एकदा कळलं की पुन्हा विचारावं लागत नाही. जड असेल तर ठेवा परत. हलकी असेल तर खालून वाहीपर्यंत भरपूर घाला, बशीतलं पाणी ओतून द्या, आणि जूनच्या पहिल्या सरीआधी सगळ्या कुंड्या छपराखाली घ्या. आणि जो कुणी तुम्हाला बारा महिने 'आठवड्यातून एकदा' असं ठणकावून सांगेल, त्याच्या भरवशावर कुंड्या सोडून गावाला जाऊ नका!